अर्ध्यावर ठेवलेले बूच

कर्जतकडे जाणारी लोकल कल्याण सोडते तेव्हा पहिले स्टेशन लागते विठ्ठलवाडी. मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मुंबईकराच्या डोक्यात या नावांना चिकटलेल्या गोष्टी ठरून गेल्या आहेत: उल्हासनगरच्या जीन्स आणि फर्निचर, अंबरनाथचे अकराव्या शतकातले शिवमंदिर, उल्हास नदीचा पूर, आणि खिडकीतून आत शिरणारा एमआयडीसीचा वास. औषध हा शब्द या यादीत सहसा येत नाही. आला तरी रसायनांच्या पाठोपाठ, पिंपातून जाणारा कच्चा माल म्हणून. पण राज्यातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात साप चावलेल्या माणसासाठी कपाटातून जी छोटी काचेची बाटली काढली जाते, तिच्या लेबलावर बारीक अक्षरात ‘अंबरनाथ’ छापलेले असू शकते. भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही १९७१ साली सुरू झालेली कंपनी अंबरनाथ पूर्वेच्या अतिरिक्त एमआयडीसीत सर्पदंशावरचे प्रतिविष बनवते. २०२४ साली मॅनकाइंड फार्माने ही कंपनी साडेतेरा हजार कोटींहून अधिक रुपयांना विकत घेतली, तेव्हा अर्थविषयक पानांवर तिचे नाव झळकले. कपाटातल्या बाटलीच्या वाट्याला मात्र बातमी येत नाही.

त्या बाटलीत पाणी नसते. तळाशी पांढरट, किंचित पिवळसर, भुसभुशीत अशी एक वडी असते. कारखान्यातले लोक तिला ‘केक’ म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष थोडे थोडे टोचून घोड्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढली, शुद्ध केली आणि गोठवून वाळवली की हा केक होतो. त्यात १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातले की पुन्हा इंजेक्शन तयार. अशा प्रत्येक मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करावे, असे भारतीय प्रमाण आहे. एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागतात.

हेच प्रतिविष द्रवरूपात असले, तर ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते आणि साधारण दोन वर्षे टिकते. वाळवलेले असले तर फ्रीज नसलेल्या थंड खोलीतही राहते, आणि त्याची मुदत पाच वर्षांपर्यंत जाते. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अंदाज २०२०च्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातली बहुतेक खेड्यातली होती. जिथे वीज जाते, जिथे फ्रीज बिघडला तर दुरुस्तीला तालुक्याहून माणूस यावा लागतो, तिथली ही माणसे. त्यांच्यासाठी ‘वाळवलेले’ या शब्दाला जगण्यामरण्याची किंमत आहे.

याचे सगळे श्रेय वाळवण्याला दिले जाते. पुस्तके लिहिली जातात ती वाळवण्यावर, अभ्यासक्रमात धडा असतो तो वाळवण्याचा. वाळवलेले पाच वर्षे वाळलेलेच ठेवण्याचे काम मात्र २० मिलिमीटरच्या तोंडावर बसणारे एक रबरी बूच आणि त्यावर दाबलेली ॲल्युमिनियमची टोपी करते. पुढचे लेखन या बुचाविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल. तो तसा का नाही, हे सांगायला थोडे मागे, परळला जावे लागते.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा स्थिरावली. तिचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतल्या साथीत, १८९७च्या जानेवारीत, प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळहून बाटल्या भरून लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. बाकीचे ठणठणीत राहिले. एका बाटलीतून लस घेतलेले १९ जण मात्र धनुर्वाताने मेले. त्या बाटलीवर ‘५३-एन’ असा क्रमांक होता.

चौकशी बसली आणि संशय परळवर गेला. हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली होती, कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरली होती, म्हणून बाटली इथेच दूषित झाली असणार असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पुढे साक्षी-पुरावे नीट तपासले तेव्हा दिसले ते वेगळेच. मलकोवालमध्ये बाटली उघडताना, बूच काढायचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करता त्यानेच बूच काढले गेले. बाटली परळहून निघाली तेव्हा शुद्ध होती; घात झाला तो तिच्या तोंडाशी. १९०७च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सला पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला, ते पुन्हा भारतात कामालाही आले, पण परळला नाही. प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. एका माणसाची उमेदीची वर्षे आणि १९ जीव एका बुचापाशी गेले. मुंबईत औषध बनवणाऱ्या प्रत्येकाला ५३-एन ही बाटली माहीत असायला हवी, आणि बहुतेकांना ती माहीत नसते.

मलकोवालची लस द्रवरूप होती आणि तिचे बूच साधे होते. गोठवून वाळवलेल्या औषधाचे बूच मात्र वेगळीच अडचण घेऊन जन्माला येते. बाटली भरली की लगेच घट्ट बंद करावी, ही साधी रीत इथे चालत नाही. कारण आतले पाणी बाहेर जायचे असते, आणि जाण्याची वाट एकच, बाटलीचे तोंड.

पाणी जाते कसे, हे शाळेत शिकलेल्या एका शब्दात आहे: संप्लवन. देवापुढचा कापूर डबीतल्या डबीत न वितळता झिजत जातो, तसाच बर्फही न वितळता थेट वाफ होऊ शकतो, फक्त भोवतीचा दाब खूप कमी हवा. सहा मिलिबारच्या थोडा वर दाब असला तर बर्फ तापवताच पाणी होतो. त्याखाली गेले की पाण्याचा टप्पाच गळतो. म्हणून बाटल्या वाळवण्याच्या यंत्राच्या बंद कोठीत ठेवून आधी उणे ४० अंशांच्या आसपास गोठवतात, मग कोठीतली हवा उपसून दाब एक मिलिबारच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहा हजाराव्या हिश्शापर्यंत उतरवतात, आणि मग बाटल्यांखालच्या फळ्यांना हलकेच ऊब देतात. निघालेली वाफ शेजारच्या उणे ६०-७० अंशांच्या नळ्यांवर पुन्हा बर्फ होऊन बसते. बर्फ गेल्यावरही औषधाच्या कणांना चिकटलेले थोडे पाणी उरते. ते काढायला तापमान २५, ३०, कधी ४० अंशांपर्यंत चढवतात. शेवटी केकमध्ये एक ते तीन टक्के ओल राहते, काही औषधांत त्याहूनही कमी. याला दोन दिवस लागतात, तीन लागतात, हट्टी औषध असले तर आणखी.

एवढा सगळा वेळ बाटली उघडी असते. पूर्ण उघडी नाही. तिच्या तोंडावर बूच ठेवलेले असते, पण अर्धेच. या कामाच्या बुचाला खाली खाच असते. काहींना एकच मोठी खाच, काहींना दोन किंवा तीन पाय आणि मधे फटी. भरणारे यंत्र बूच तोंडात इतकेच खुपसते की खाच काचेच्या कडेवर राहावी. त्या फटीतून वाफ बाहेर पडते. फट लहान झाली तर वाफ कोंडते आणि केक बसका होतो. बूच फारच वर राहिले, तर ट्रे सरकताना कलंडते, पडते. बाटली भरण्यापासून ती पूर्ण बंद होईपर्यंतच्या या दोन-तीन दिवसांत औषध जितके असुरक्षित असते, तितके ते नंतर कधीच नसते. म्हणून भरण्याच्या यंत्रापासून कोठीच्या दारापर्यंतचा सगळा रस्ता सर्वांत स्वच्छ हवेखाली ठेवावा लागतो. ज्याला उद्योगात ग्रेड ए म्हणतात ती हवा वरून सरळ, शांत वाहत खाली येते, आणि काम करणाऱ्या माणसाने त्या हवेच्या आणि उघड्या बाटलीच्या मधे हात आणायचा नाही, असा दंडक आहे. अलीकडचे कारखाने तर माणूसच बाजूला काढतात: बाटल्या आपोआप आत सरकतात, आपोआप बाहेर येतात.

वाळवण संपली की दार उघडून बुचे दाबता येत नाहीत. दार उघडताच बाहेरची हवा आत येईल आणि कोरडा केक तिच्यातली ओल अधाशासारखी पिईल. बदलापूरच्या परिसरात जुलैत हवा कशी असते हे सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले, तोच हा पट्टा. तेव्हा बुचे बसवायची ती दार बंद असतानाच. त्यासाठी यंत्राच्या फळ्या एकमेकींवर उतरणाऱ्या असतात. हायड्रॉलिक दट्ट्या फळ्यांना दाबतो, वरच्या फळीचा तळ खालच्या फळीवरच्या बुचांवर टेकतो, आणि हजारो बुचे एकाच वेळी खाली जातात. वर्णन ऐकायला सोपे आहे. पण फळी कुठे जरा वाकलेली असली, एका कोपऱ्यातल्या बाटल्या किंचित उंच असल्या, तर तिथली बुचे पूर्ण बसतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातली अर्धी राहतात. शिवाय रबर चिकट असते. फळ्या पुन्हा वर उचलल्या की काही बाटल्या बुचासकट वरच्या फळीला लटकून वर जातात आणि मग सुटून पडतात, शेजारच्या दहा बाटल्या पाडतात. हा त्रास इतका सार्वत्रिक आहे की बुचांच्या डोक्यावर मुद्दाम उंचवटे ठेवतात किंवा चिकटू नये म्हणून वेगळा थर देतात.

बूच बसण्याआधी कोठीत काय भरायचे, हाही प्रश्न आहे. काही औषधे निर्वातातच बंद करतात. बहुतेकांसाठी गाळणीतून आलेला निर्जंतुक नायट्रोजन आत सोडतात, कारण प्राणवायूने औषध खराब होऊ शकते. हा नायट्रोजन बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत पुरता भरत नाहीत, थोडा कमी ठेवतात. त्याची कारणे दोन. आतला दाब कमी असला की बाहेरची हवा बुचाला सतत आत ढकलत राहते, आणि बूच वर उसळत नाही. आणि पुढे नर्स सुईने पाणी घालते तेव्हा ते आत सहज ओढले जाते. हे दुसरे कारण दवाखान्यातल्या अनुभवी नर्सना कारखान्यातल्या माणसांइतकेच ठाऊक असते. सुई टोचताच पाणी स्वतःहून आत गेले नाही, तर त्यांच्या कपाळावर आठी येते. यंत्रसामग्रीच्या जंजाळात ही परीक्षा सर्वांत स्वस्त आहे, आणि रुग्णाच्या सर्वांत जवळची.

बुचाच्या रबराविषयी वेगळे सांगितले पाहिजे. जुनी बुचे नैसर्गिक रबराची असत. त्यातून हवा आणि बाष्प पाझरते. १९३७ साली अमेरिकेत ब्यूटिल रबर बनले आणि पुढे त्याची ब्रोमीन व क्लोरीनयुक्त रूपे औषधाच्या बुचांसाठी रूढ झाली, कारण त्यांतून वायू फार कमी जातो. आज महाराष्ट्रातच, साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात केसुर्डीला, डॅटवायलर ही स्विस कंपनी औषधाच्या बाटल्यांसाठी रबरी बुचे बनवते. नाशिकला काचेच्या नळीतून बाटल्या काढल्या जातात. बूच कितीही चांगले असले तरी ते स्वतः ओल धरून ठेवते. बुचे वाफेने निर्जंतुक करतात, त्या वेळी रबरात पाणी शिरते. नीट वाळवले नाही तर ते पाणी महिनोन्महिने हळूहळू बाहेर पडून केकमध्ये मुरते. कारखान्यातून निघताना दीड टक्का ओल असलेली बाटली वर्षाभराने तीन टक्के दाखवते, आणि गळती मात्र कुठेच सापडत नाही. अशा वेळी अननुभवी माणूस बाटलीची काच, टोपी, वाहतूक सगळे तपासतो. जाणता माणूस आधी विचारतो, बुचे किती तास वाळवली?

बूच बसले, फळ्या वर गेल्या, दार उघडले. आता बाटल्या बाहेर येतात आणि टोपी लावण्याच्या यंत्राकडे जातात. टोपी म्हणजे ॲल्युमिनियमची कडी, वर प्लास्टिकची रंगीत चकती. यंत्र कडीची खालची धार बाटलीच्या ओठाखाली वळवून दाबते. या कामाला ‘क्रिम्पिंग’ म्हणतात आणि मराठीत बोलणारा कामगारही क्रिम्पिंगच म्हणतो. बहुतेकांना वाटते की बाटली हवाबंद होते ती या टोपीने. तसे नाही. हवाबंद करते ते रबर आणि काच यांचे एकमेकांवर घट्ट टेकणे. टोपी त्या टेकण्याला फक्त धरून ठेवते. त्यामुळे कोठीतून बाहेर आल्यापासून टोपी बसेपर्यंतच्या मधल्या काळात बूच केवळ काचेशी घासून आणि आतल्या कमी दाबाच्या भरवशावर उभे असते. धक्का लागला, बाटल्या पट्ट्यावर एकमेकींवर आपटल्या, तर बूच एखादा मिलिमीटर वर येते. त्या क्षणी थोडी हवा आत शिरते. मग टोपी येते, बूच पुन्हा दाबते, आणि बाटली पुन्हा हवाबंद होते. पण आत आलेले आतच राहते.

हा मिलिमीटर या सगळ्या विषयाचा गाभा आहे. म्हणूनच युरोपच्या नियमावलीतला निर्जंतुक औषधांविषयीचा भाग, ज्याला जगभर ‘ॲनेक्स वन’ म्हणतात, त्यात टोपी वळवून होईपर्यंत बाटली बंद झाली असे मानतच नाहीत. तोवर तिच्यावर स्वच्छ हवा हवी, आणि बूच नसलेल्या किंवा वर आलेल्या बाटल्या टोपी लागण्याआधीच बाजूला काढल्या पाहिजेत. याची नवी आवृत्ती २०२२ साली आली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित ‘शेड्यूल एम’ने देशातल्या कारखान्यांसाठीही नियम कडक केले. नियमांना नाके मुरडणारे उद्योजक या पट्ट्यातही आहेत. पण टोपी लागण्याआधी बूच किती उंच आहे हे पाहायला लावणारा नियम कागदी घोडा नव्हे, एवढे तरी मान्य करायला हवे.

टोपी नेमकी किती जोराने दाबायची, हे ठरवणेही नाजूक. कमी दाबली तर रबर पुरेसे आवळत नाही. जास्त दाबली तर बूच मधोमध खोलगट होते, कडेला सुरकुत्या पडतात, कधी काच तडकते. पूर्वी कारखान्यात टोपीला अंगठा आणि दोन बोटांनी पिरगाळून पाहत. फिरली तर सैल. आता बुचात शिल्लक राहिलेला दाब मोजणारी उपकरणे आहेत. ॲल्युमिनियम वळताना त्याचे बारीक कण उडतात, म्हणून टोपीचे यंत्र भरण्याच्या जागेपासून वेगळे ठेवतात. एक अडचण सोडवताना दुसरी पुढे येते, असे हे काम आहे.

बाटली खरोखर बंद आहे हे कळायचे कसे? जुनी रीत निळ्या रंगाची. मेथिलिन ब्ल्यूच्या पाण्यात बाटल्या बुडवायच्या, हवा ओढायची, मग सोडायची, आणि आत निळा डाग दिसतो का ते पाहायचे. ही रीत अजून चालते, पण बारीक गळती तीत निसटते, आणि तपासलेली बाटली फेकून द्यावी लागते. अमेरिकेच्या औषधसंहितेने २०१६ साली नव्याने मांडलेल्या मार्गदर्शनात मोजता येणाऱ्या पद्धतींना झुकते माप दिले. गोठवून वाळवलेल्या औषधाच्या बाबतीत इथे एक सोय आहे. बाटलीत नायट्रोजन कमी दाबाने भरलेला असेल, तर गळती झाली की प्राणवायू आत येणार आणि दाब वाढणार. बाटलीच्या गळ्यातून लेसर किरण पार करून आतला प्राणवायू, बाष्प आणि दाब मोजता येतो. बाटली न उघडता, न फोडता, एकेक करून प्रत्येक. आत ठेवलेली पोकळीच साक्ष देते.

रबरी बुचाची ही कटकट टाळायची, तर काच वितळवून तोंडच बुजवायचे, हा मार्ग आधीपासून होता. १९३०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्ल फ्लॉसडॉर्फ आणि स्टुअर्ट मड यांनी रक्तजल गोठवून वाळवण्याची रीत बसवली. दुसऱ्या महायुद्धात वाळवलेला प्लाझ्मा आघाडीवर गेला तो त्यातूनच. तेव्हापासून कित्येक जैविक औषधे लहान काचनळ्यांत, म्हणजे ॲम्प्यूलमध्ये वाळवून, निर्वात असतानाच ज्योतीने काच ओढून बंद केली जात. काचेवर काच वितळली की गळतीचा प्रश्नच उरत नाही.

देवीच्या रोगाचे निर्मूलन अशाच काचनळ्यांवर झाले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला देवीची लस पेप्टोन घालून गोठवून वाळवण्याची टिकाऊ पद्धत काढली. जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी अशी होती की लस ३७ अंशांत चार आठवडे ठेवूनही गुणकारी राहिली पाहिजे. जुनी द्रवरूप लस आपल्या उन्हाळ्यात काही दिवसांत मरून जाई. भारतात वाळवलेली लस सुरुवातीला मोठ्या प्रमाणात सोव्हिएत रशियाकडून आली. मग देशात चार ठिकाणी ती बनू लागली: नैनितालजवळ पटवाडांगर, मद्रासचे गिंडी, हैदराबाद, आणि चौथे ठिकाण बेळगाव. एकेकाळी मुंबई प्रांताला देवीची लस पुरवणारी बेळगावची व्हॅक्सीन इन्स्टिट्यूट भाषावार प्रांतरचनेनंतर म्हैसूर राज्यात गेली. सीमावादात हे नाव शेकडो वेळा घेतले गेले असेल. या कामासाठी मात्र ते मराठीत फारसे आठवले जात नाही.

ॲम्प्यूलचा तोटा उघडताना कळतो. आत निर्वात असल्याने मान मोडताच हवा झपकन आत घुसते आणि हलकी पूड उडवून देते. बीसीजीची ॲम्प्यूल प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सावकाश कापायची, हे परिचारिकांना याचसाठी शिकवतात. काचेचे कणही पडतात. शिवाय ज्योतीवर एकेक नळी बंद करण्याचे काम मंद. हजारो बाटल्या एका दमात बंद करणाऱ्या फळ्यांपुढे ते टिकणे कठीण होते. खाच असलेले बूच त्या सोयीसाठी आले आणि सोबत तो मिलिमीटर घेऊन आले.

२०२१च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने गोठवून वाळवलेल्या औषधांची नावे घरोघरी उच्चारली, ती त्यांची जात कोणती हे न कळताच. एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिर, मे महिन्यात म्युकरमायकोसिस आल्यावर ॲम्फोटेरिसिन. रेमडेसिव्हिरच्या बहुतेक बाटल्यांत १०० मिलिग्रॅमची वाळवलेली पूड असे. ॲम्फोटेरिसिन बी चरबीच्या सूक्ष्म पुटकुळ्यांत बंद करून, मग वाळवून मिळते. ते बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या कंपन्यांत भारत सीरम्सचे नाव केंद्र सरकारच्या यादीत होते. त्या दिवसांत लोक विचारत, कारखाने रात्रंदिवस चालवून दुप्पट माल का काढत नाहीत? उत्तर वर आलेच आहे. वाळवणीची कोठी एकदा भरली की दोन-तीन दिवस, कधी अधिक, तिला हात लावता येत नाही. घाईने तापमान चढवले तर केक वितळतो. मधेच वीज गेली आणि जनित्र वेळेत सुरू झाले नाही, तर सगळी बॅच जाते. गोळ्यांची यंत्रे वेगाने फिरवता येतात, बर्फ वेगाने उडवता येत नाही.

त्याच एप्रिलमध्ये बारामतीत पुणे ग्रामीण पोलिसांनी बनावट रेमडेसिव्हिर विकणारी टोळी पकडली. वापरून झालेल्या रिकाम्या बाटल्या मिळवायच्या, त्यांत पॅरासिटामॉलचे द्रव भरायचे आणि हजारो रुपयांना विकायच्या, असा तो धंदा होता. टोपीवरची प्लास्टिकची चकती एकदा उडाली की पुन्हा बसत नाही, ही खूण खरे तर अशाच फसवणुकीसाठी असते. पण प्राण कंठाशी आलेल्या नातेवाइकाने चकती नीट बसली आहे का, कडीवर ओरखडे आहेत का, बाटलीत पूड आहे की पाणी, हे पाहावे अशी अपेक्षा करणे क्रूर आहे. ते पाहायचे असते औषध देणाऱ्याने. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या बाबतीत ‘मेड इन यूएसए’ छापलेल्या नकली मालातले ‘यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा शिळा विनोद अजून सांगितला जातो. निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेले हे गाव काहीही बनवून दाखवते, हा त्यामागचा आदर विनोद सांगणाऱ्याला दिसत नाही. नकलेची भीती खरी धरायची तर ती गावाच्या नावात शोधू नये. वापरलेली बाटली दवाखान्यातून कुठल्या वाटेने बाहेर पडते, तिथे शोधावी.

या वाटेसाठी नियम आहे, आणि तो औषधाच्या नव्हे, कचऱ्याच्या कायद्यात आहे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार औषधाच्या काचेच्या रिकाम्या बाटल्या आणि ॲम्प्यूल निळ्या खुणेच्या खोक्यात जातात. कर्करोगावरच्या विषारी औषधांच्या बाटल्या मात्र पिवळ्यात जातात, कारण त्यांच्या भिंतींना उरलेला कणही घातक असतो. कर्करोगाची कित्येक इंजेक्शने गोठवून वाळवलेलीच असतात. त्यामुळे वॉर्डात एकाच ट्रेमध्ये, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या टोप्यांच्या दोन रिकाम्या बाटल्या शेजारी पडलेल्या असू शकतात आणि त्यांनी दोन वेगळ्या खोक्यांत जायचे असते. हे वेगळे करणाऱ्या माणसाच्या हातात लेबल वाचण्याशिवाय दुसरे साधन नाही. बारामतीच्या प्रकरणानंतर अनेक रुग्णालयांनी लेबल फाडून, रिकाम्या बाटलीवर रुग्णाचे नाव टाकून आणि ती मोजूनच परत घ्यायला सुरुवात केली.